नवीन घेतलेला अल्बम: पहिल्यांदा ऐकला तेव्हा काय वाटलं?

ओसरीवरचा

मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, रविवारी निमित्त मिळालं. सकाळी जुन्या बाजारात गेलो होतो, पितळी कडी-कोयंडा शोधायला. एका पथारीवर कढया, बिजागऱ्या आणि फोटोंच्या रिकाम्या चौकटींच्या शेजारी पंचवीसएक एलपी उभ्या रचून ठेवल्या होत्या. सगळ्यांत मागे किशोरीताई आमोणकरांची भूप-बागेश्री, एका बाजूला भूप आणि दुसऱ्या बाजूला बागेश्री राग. कव्हरचा वरचा कोपरा उंदराने कुरतडलेला, आतली पिशवी गायब, पण तबकडी उन्हात तिरपी धरून पाहिली तर चरे वरवरचेच होते. तो आठशे म्हणाला, साडेपाचशेवर दिली. कडी-कोयंडा राहिलाच.

आता भूपातलं 'सहेला रे' मी आधी ऐकलेलं नाही असं कसं म्हणू? कॅसेटवर ऐकलं, लोकांच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला ऐकलं, फोनवर तर शेकडो वेळा. पण स्वतः पैसे मोजून रेकॉर्ड घरी आणायची, पुसायची, लावायची आणि पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत जागचं न हलता ऐकायची, हे पहिल्यांदाच झालं. म्हणून माझ्यापुरता हा नवा अल्बम.

पहिली गोष्ट जाणवली ती खोली. आवाज फोनवरच्यापेक्षा भरदार आणि किंचित खालून येणारा. 'प्रथम सुर साधे'ची विलंबित लय इतकी निवांत की दोन मात्रांच्या मधे आपण श्वास घेऊन परत येतो आणि मात्रा अजून यायचीच असते. तबल्याचा बायाँ, म्हणजे डावा डग्गा, घुमतो तो जमिनीतून पायाला लागतो. 'सहेला रे' सुरू झालं तेव्हाही घाई नाही, हाक मारणाऱ्या माणसाला उत्तराची खात्री असावी तशी ती हाक. बाजू संपल्यावर सुई आतल्या कड्यावर फिरत राहिली आणि मी तशीच फिरू दिली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "संपलं का?" तेव्हा उठलो.

बागेश्रीची बाजू मुद्दाम लावलेली नाही. एका दिवशी एकच बाजू, असं ठरवलंय.

तर विनंती अशी. नव्याने विकत घेतलेला कुठलाही अल्बम असू द्या, शास्त्रीय, भावगीतं, इंग्रजी, कोकणी. एलपी, सीडी, कॅसेट काहीही. पहिल्या श्रवणानंतर दोन-तीन दिवसांच्या आत, त्यावर कुणी काय लिहिलंय ते वाचण्याआधी, जे वाटलं ते इथे लिहा. आणि नंतर मत बदललं तर जुना प्रतिसाद संपादित करू नका, खाली नवा लिहा. पहिल्यांदा ऐकणं एकदाच होतं. ते जसं झालं तसं कुठेतरी नोंदलेलं राहावं, एवढीच इच्छा आहे.

चेंबूरची

फार छान धागा. लगेच लिहिते, कारण परवाच सीडी हातात पडली: 'शक्ती' या बँडचा 'धिस मोमेंट'. अल्बम २०२३चा, त्याला २०२४मध्ये ग्रॅमीही मिळालं, पण माझ्याकडे यायला उशीर झाला. मध्यंतरी डिसेंबर २०२४मध्ये बँडचे तबलावादक झाकीरभाई (झाकीर हुसेन) गेले. मग काही महिने त्यांचं काही लावायची हिंमतच झाली नाही. त्यामुळे हे पहिलं श्रवण साधं नव्हतं, हे आधीच सांगते.

पहिलं गाणं 'श्रिनीज् ड्रीम'. श्रिनी म्हणजे मेंडोलिनवाले यू. श्रीनिवास, २०१४मध्ये गेले. गेलेल्या माणसाच्या आठवणीत वाजणारा तबला, आणि आता तो वाजवणाराही गेलेला. पहिली दोन मिनिटं मी संगीत ऐकतच नव्हते, नुसती यादी मोजत होते कोण आहे आणि कोण नाही याची. मग शंकर महादेवनचा आवाज आला आणि जरा सावरले. चेंबूरला वाढलेला मुलगा, श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेला. खळेकाकांच्या 'राम श्याम गुणगान'मध्ये वीणा वाजवली होती त्याने. आमच्या चेंबूरमध्ये ही गोष्ट लोक आपल्याच घरातली असल्यासारखी सांगतात, म्हणून तो गायला लागला की मला एकदम भाजीबाजारातल्या ओळखीच्या माणसाने हाक मारल्यासारखं होतं.

पहिल्या फेरीत जाणवलेली एक उणीवही लिहिते. सगळे वादक आपापल्या गावी बसून वाजवत होते, एकमेकांना ध्वनिमुद्रणं पाठवत होते. हे मला आधीच ठाऊक होतं, आणि ठाऊक होतं म्हणून ते ऐकू येत राहिलं. १९७६च्या पहिल्या अल्बममध्ये समोर बसलेले श्रोते आहेत. विक्कू विनायकरामांचा घटम आणि तबला तिथे एकमेकांच्या तोंडाकडे बघून वाजतात. इथे विक्कूंचा मुलगा सेल्वागणेश आहे, हात तितकाच तयार, पण ती क्षणभर आधी झालेली नजरानजर मला सापडली नाही. अपवाद बोलांचा. जिथे तोंडाने तालाचे बोल म्हणतात तिथे मात्र हे सगळे एका सतरंजीवर बसलेत याबद्दल शंका राहत नाही.

दुसऱ्यांदा अजून लावलेली नाही. लावली की लिहीन.

सुई_आणि_खाच

ओसरीवरचे, खरेदीबद्दल अभिनंदन. पण एक काळजीने विचारतो: लावण्याआधी रेकॉर्ड धुतली होती का? तुम्ही 'पुसायची' असं लिहिलंय. कोरड्या फडक्याने पुसली असेल तर धूळ खाचेत आणखी खोल बसते आणि सुई ती दळत जाते. पाण्याखाली तिरपी धरून, लेबल भिजू न देता, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा, आणि उभी ठेवून वाळवायची. नळाचं पाणी शेवटी वापरू नका, त्यातला क्षार खाचेत वाळतो आणि त्याचीच टिकटिक होते. ज्यांच्याकडे ७८च्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील त्यांनी स्पिरिट तर अजिबात लावू नये, लाख विरघळते.

माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी जुन्या एलपीचं पहिलं श्रवण मळाचंच केलेलं आहे. मग म्हणतात रेकॉर्ड खरखरते.

दुसरं म्हणजे सुईवरचा भार बघा. बऱ्या काट्रिजला (सुई बसवलेला भाग) साधारण दीड ते दोन ग्रॅम लागतो, नेमका आकडा त्याच्या कागदावर असतो. लोक खरखर कमी व्हावी म्हणून भार कमी करतात, आणि नुकसान होतं ते त्यानेच. हलकी सुई खाचेत नाचते आणि भिंतींना टोचे मारते.

आणि आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते. तुमच्या 'सहेला रे'च्या शेवटच्या दोन-तीन मिनिटांत आवाज किंचित फाटला का? तारषड्जाला 'स' फिस्कटल्यासारखा? फाटला असेल तर दोष ताईंचा नाही, बहुतेक सुईचाही नाही. तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस नाही, बरोबर तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, बाहेरही तेवढेच आणि आतही तेवढेच. पण बाहेरचा फेरा लांब, आतला आखूड. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासएक सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ पोचेपर्यंत ती वीस-एकवीसवर येते. म्हणजे तेवढ्याच एका सेकंदाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. पाश्चात्त्य गाण्यांच्या रेकॉर्डमध्ये शहाणे लोक शांत गाणं बाजूच्या शेवटी टाकत. आपल्या रागाला ती सोय कुठली? आपण सुरुवात करतो आलापाने, जेव्हा खाचेत जागाच जागा असते, आणि द्रुत ताना, तार सप्तक, तबल्याची लग्गी, हे सगळं येतं नेमकं अरुंद गल्लीत. माझ्या मते हिंदुस्थानी संगीताच्या एलपीचं हे जन्मजात दुखणं आहे. त्यावर उपाय एकच, चांगल्या घाटाची सुई आणि काट्रिज नेमकं सरळ बसवणं.

ओसरीवरचा

सुई_आणि_खाच, तुम्ही समोर बसून ऐकल्यासारखं लिहिलंय. हो, शेवटी फाटतं. मी ते ऐकलं होतं आणि लिहिलं नाही, कारण इतक्या सुंदर गोष्टीबद्दल तक्रार करावीशी वाटली नाही. यापुढे लिहीन. कोरडंच पुसलं होतं. उद्या डिस्टिल्ड वॉटर आणतो.

अनघड

नमस्कार. मी नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पाच वर्षं गाणं शिकतोय. माझ्याकडे प्लेअर नाही आणि हॉस्टेलवर ठेवायला जागाही नाही. मी जे ऐकतो ते सगळं फोनवर. मग मी या धाग्यावर लिहू शकत नाही का? मनापासून विचारतोय.

आणि एक शंका. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. पण ताई गंधारावरून पंचमावर मींडेने, म्हणजे स्वर न तोडता घसरत, जातात तेव्हा मला मधे मध्यम 'दिसतो'. गुरुजींना विचारायला धीर होत नाही.

ओसरीवरचा

अनघड, जरूर लिही. पैसे देणं ही अट नाही, बसून ऐकणं ही आहे. एक कर: एखाद्या कलाकाराचा एकच अल्बम निवड, आधी न ऐकलेला. ज्या क्रमाने त्यांनी लावलाय त्याच क्रमाने, फोन पालथा ठेवून, एका बैठकीत ऐक. मधे पुढे ढकलायचं नाही. झालं तुझं श्रवण.

मींडेच्या शंकेचं उत्तर माझ्यापेक्षा जाणकार देतील.

मांडवीकाठ

अनघड, शंका गुरुजींना अवश्य विचार. त्यांना आनंदच होईल. मला समजलं ते असं: गंधारावरून पंचमावर सलग घसरत जायचं तर आवाजाला मधल्या सगळ्या जागेतून जावंच लागतं, त्यात मध्यमाची जागाही आली. प्रश्न तिथे थांबण्याचा आहे. दारावरून गेलं म्हणजे घरात गेलं असं होत नाही. ताई त्या दारासमोरून इतक्या सावकाश जातात की आतलं दिसतं, पण उंबरठा ओलांडत नाहीत. निदान माझ्या कानाला तरी तसं वाटतं.

आता माझी खरेदी. मडगावला एका जुन्या दुकानात मोगूबाई कुर्डीकरांच्या जुन्या मुद्रणांची सीडी मिळाली. किशोरीताईंच्या आईच त्या. त्यांचं कुर्डी गाव साळावलीच्या धरणात गेलं. दरवर्षी मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं, देवळाचे चौथरे आणि घरांच्या भिंतींच्या रेघा दिसतात आणि जुने गावकरी तिथे जाऊन बसतात. मी दोनदा गेलोय. चिखल वाळून त्याच्या खपल्या झालेल्या असतात, त्यावर चप्पल वाजते.

सीडी लावली आणि पहिलं वाटलं ते, हे काय, संपलंसुद्धा? ७८च्या तबकडीला एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. तेवढ्यात स्थायी, अंतरा, बोलताना, ताना, सम. विस्ताराला जागाच नाही म्हणून चीज थेट मधूनच सुरू झाल्यासारखी. पहिल्या ऐकण्यात मला ते धावतपळत वाटलं, खरं सांगतो. त्याच रात्री दुसऱ्यांदा लावलं तेव्हा कळलं की कुठेच घाई नाही, एकही स्वर अर्धा सोडलेला नाही. आपल्यालाच रुंद खाचेतला निवांत आलाप ऐकायची सवय झालीय. माईंनी तीन मिनिटांत मांडलं ते लेकीला एलपीवर वीसहून जास्त मिनिटांत मांडता आलं. दोघींची चीज वेगळी, काळ वेगळा, पण लय धरून ठेवण्याची पद्धत ओळखू येते. डोळे मिटले की मला ती चपलेखाली वाजणारी माती आठवते.

वाईकर_काका

तुमचा दोन-तीन दिवसांचा नियम मी मोडतो आहे, क्षमा असावी. माझं पहिलं श्रवण पन्नास वर्षांपूर्वीचं आहे आणि खरेदी गेल्या महिन्यातली.

१९७४. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली ते वर्ष. 'शिवकल्याण राजा' तेव्हा आली. लताबाईंचा आवाज, हृदयनाथांचं संगीत, बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. आमच्या वाड्यात रेकॉर्ड प्लेअर एकाच घरी, डॉक्टरांकडे. रेकॉर्ड आणली त्या संध्याकाळी त्यांनी खिडक्या उघड्या टाकल्या आणि आम्ही पंधरा-वीस जण, बायका, पोरं, गुरं बांधून आलेले दोन गडी, सगळे अंगणात. मी आठवीत. 'निश्चयाचा महामेरू' ऐकून मला पहिली जाणवली ती भीती. समर्थांचे हे शब्द शाळेत पाठ होते, चालीवर म्हणत होतो, पण त्या आवाजात ते पहिल्यांदाच कुणीतरी खरोखर कुणाला उद्देशून म्हणतंय असं वाटलं. 'वेडात मराठे'ला एक गडी उठून दाराशी जाऊन उभा राहिला. पाठमोरा. का ते विचारलं नाही कुणी.

गेल्या महिन्यात साताऱ्याला एका वाड्याचं सामान विकायला काढलं होतं, त्यात तीच एलपी मिळाली. मुलाने प्लेअर घेऊन दिलाय. लावली. आणि हे लिहायला जड जातंय, पण पहिल्या बाजूला मला काहीच झालं नाही. चांगलं गाणं, उत्तम शब्द, बस. दुसरी बाजू लावताना मी माझ्या खोलीची खिडकी उघडली, बाहेर जाऊन पायरीवर बसलो आणि तिथून ऐकली. आवाज भिंतीवरून वळून, थोडा पुसट होऊन यायला लागला, आणि तो गडी दाराशी दिसला. मला वाटतं मी ती रेकॉर्ड कधी समोर बसून ऐकलीच नव्हती. माझ्या लेखी ती खिडकीतून येणारीच रेकॉर्ड होती.

चेंबूरची

वाईकर काका, वाचून डोळे भरून आले. तुमच्यासाठी नियम मोडायला आमची सगळ्यांची परवानगी आहे.

नादखुळी

माझा अनुभव जरा कडू आहे, पण इतरांना उपयोगी पडेल म्हणून लिहिते. 'कॉल ऑफ द व्हॅली'ची नव्याने छापलेली एलपी मागवली, वाढदिवसाला स्वतःला भेट. शिवकुमारजींचा संतूर, हरिजींची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत. १९६७चं ध्वनिमुद्रण, आणि ते घडवून आणणारे एचएमव्हीतले जी. एन. जोशी, आपले 'रानारानात गेली बाई शीळ'वाले. बाबा हे सगळं इतक्यांदा सांगायचे की रेकॉर्ड घरी येण्याआधीच मला ती पाठ होती.

उघडली तर तबकडी वाकलेली. प्लेअरवर ठेवल्यावर एक कड हळूच वर येते, खाली जाते, सुईचा दांडा झोपाळ्यासारखा. संतुराला फारसा फरक पडला नाही, कारण त्याचा प्रत्येक आघात तुटक असतो. बासरीचा लांब स्वर मात्र प्रत्येक फेऱ्याला हेलकावे खात होता. पहाडीत हरिजी एक स्वर धरून ठेवतात, तो ऐकताना गाडी लागल्यासारखं झालं. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं, सील फोडलेला माल परत घेत नाही. सील न फोडता वाकलेली आहे हे कसं कळावं?

पैसे गेल्याचं दुःख कमी आहे. बाबा असताना त्यांच्या कॅसेटवर मी हे अर्धवट कानाने ऐकायचे. त्यांच्या मागे पहिल्यांदा नीट बसून ऐकणार होते, ते असं झालं. जो क्षण जपून ठेवला होता तो वाकला.

सुई_आणि_खाच

नादखुळी, दोन जाड सपाट काचांमध्ये ठेवा, वर समान वजन, आणि तीन-चार आठवडे हात लावू नका. उन्हात ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, आणखी बिघडते. पूर्ण सरळ होईलच असं नाही, पण कड खाली बसली तर बासरी सावरेल. आणि कृपा करून तोवर ती पुन्हा लावू नका. तुमचं पहिलं श्रवण झालेलं नाही असं समजा.

एडिसनकर

न्यू जर्सीहून नमस्कार. नादखुळींचे हेलकावे वाचून ओसरीवरच्यांचा पहिला प्रतिसाद परत वाचला. "आवाज भरदार आणि किंचित खालून", "लय निवांत", "मात्रा अजून यायचीच असते". मला एक शंका येते आहे, सांगू की नको असा दोन दिवस विचार केला.

आधी माझी खरेदी सांगतो. माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू', १९५९चा. जाझमधलं मला ओ का ठो कळत नाही, शेजाऱ्यांनी आग्रह केला म्हणून घेतला. पहिलं वाटलं ते असं की हे लोक राग गाताहेत: एक स्वरसमूह घेऊन त्यातच फिरतात, घाईने दुसरीकडे जात नाहीत. मग शेजाऱ्यांनी त्याची गोष्ट सांगितली. त्या दिवशी ध्वनिमुद्रणाचं यंत्र किंचित हळू चाललं होतं, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी रेकॉर्डवर किंचित जलद आणि चढी ऐकू येत. १९९२मध्ये दुरुस्ती झाली. म्हणजे तेहतीस वर्षं लोकांनी ती बाजू चढ्या सुरात ऐकली, त्याच्यावर प्रेम केलं, त्याबरोबर वाजवून शिकले.

दुसरी गोष्ट आमच्या घरातली. माझ्या मामांनी ऐंशीच्या दशकात इथून भारतात प्लेअर नेला. १२० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर लावला आणि वाटलं झालं काम. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, विजेची वारंवारिता नाही. इथे ६०, तिथे ५०. मोटर वारंवारितेवर चालणारी, म्हणून जिथे सहा फेरे व्हायचे तिथे पाचच. पेटीच्या पांढरी चार पट्टीत गायलेलं पांढरी दोनमध्ये ऐकू यायचं. मामा आम्हाला सांगायचे, बघा, रेकॉर्डवर आवाज कसा घुमतो.

ओसरीवरचे, तुमचा फरक एवढा मोठा नसणार. पण एकदा मोजून बघा. रेकॉर्डच्या कडेला कागदाची चिठ्ठी ठेवा आणि सुई लावून फेरे मोजा. तीन मिनिटांत बरोबर शंभर व्हायला हवेत. राग मानू नये.

ओसरीवरचा

एडिसनकर, राग कसला. काल रात्री मोजले. बायको घड्याळ धरून, मी चिठ्ठी मोजत. सत्याण्णव. पुन्हा मोजले, सत्याण्णव आणि वर थोडं.

मग पेटी काढली. ताईंचा षड्ज कुठल्याच पट्टीत बसेना, दोन पट्ट्यांच्या मधे अडकलेला. शंभरात तीन कमी म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी खाली. प्लेअर सासऱ्यांचा, तबकडी फिरवणारा रबरी पट्टा तेव्हापासूनचाच. काढून पाहिला तर ताणल्यावर परत आखडतच नाही, रबर चिकट झालंय.

एक दिवस काही लिहावंसं वाटलं नाही. मला जे सगळ्यांत आवडलं, तो निवांतपणा, ती खोली, त्यातला थोडा भाग सैल पट्ट्याचा होता.

अनघड

काका, एक विचारू? मी काल तुम्ही सांगितलं तसं केलं. कुमारजींचा एक निर्गुणी भजनांचा अल्बम, फोन पालथा, हॉस्टेलच्या गच्चीवर. खाली मेसची भांडी वाजत होती, ती सगळी त्यात मिसळली. मला ते आवडलं. पण ती भांडी अल्बमची नाहीत ना. मग मी ती लिहायची की नाही?

वाईकर_काका

लिहायची, बाळा. माझी खिडकी लिहिली की मी.

ओसरीवरचा

तीन आठवडे झाले. ठरल्याप्रमाणे वरचा प्रतिसाद तसाच ठेवलाय, हा नवा.

तपकीर गल्लीत तीन दुकानं फिरल्यावर पट्टा मिळाला. दुकानदाराने जुना पट्टा बोटांत धरून वर्तुळ मापलं आणि मागच्या खणातून एक काढून दिला. बसवला, फेरे मोजले: शंभर. रेकॉर्ड धुतली, सांगितलं तशी, दोनदा. बादलीतलं पाणी बघून सुई_आणि_खाच यांची आठवण झाली, करडं झालं होतं.

भूपाची बाजू लावली. आता ती उजळ आहे. बायाँ पायाला लागत नाही, कानाला लागतो. पहिल्या वेळी ऐकू न आलेलं स्वरमंडळ आता स्वच्छ येतं, आवाजाच्या मागे पसरलेलं. विलंबित अजूनही निवांतच आहे, पण मात्रांच्या मधली ती श्वास घेऊन परत यायची जागा थोडी आवळलीय. 'सहेला रे'च्या हाकेत आता खात्रीपेक्षा ओढ जास्त वाटते. शेवटी तारषड्जाला फाटणं बरंच कमी झालंय, संपलेलं नाही. आणि अनघडची मींड ऐकली. तीनदा सुई मागे घेतली, यापुढे घेणार नाही. मला मध्यम दिसला नाही. मांडवीकाठ म्हणतात ते दार मात्र दिसलं.

जुना पट्टा फेकलेला नाही. कव्हरमध्ये, कुरतडलेल्या कोपऱ्याच्या बाजूला, कागदात गुंडाळून ठेवलाय.

मग काल रात्री साडेदहाला, सगळे झोपल्यावर, बागेश्री. तिचं पहिलं श्रवण शंभर फेऱ्यांचं झालं याचा आनंद आहे. अजून नीट सांगता येत नाही. कोमल गंधार येतो तेव्हा तो लावल्यासारखा वाटत नाही, आधीपासून तिथे होता आणि ताईंनी फक्त त्याच्यावरचा पदर बाजूला केला असं वाटतं. 'आज सहयो ना जाए'च्या पहिल्या समेला मी उगाचच मान वळवून दाराकडे पाहिलं. कुणी आलं नव्हतं.

नादखुळी, काचा उघडल्या का?

नादखुळी

अजून आठ दिवस आहेत. उघडल्या की इथेच लिहीन.